डाव्या बिल्ल्याचा वाद

व्याहीबुवा,

तुमचा फोटो भिंतीवर लागला, त्याला हार घातला गेला, आणि मी समोर उभी राहून सवयीनं काहीतरी टोचून बोलले. म्हटलं, या शर्टात तुम्ही फारच सज्जन दिसताय. मग मी उत्तराची वाट बघत राहिले. उत्तर आलं नाही. आपल्या ओळखीत असं पहिल्यांदाच झालं, आणि खरं सांगायचं तर मला ते मुळीच पसंत पडलेलं नाही.

म्हणून लिहायला बसलेय. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक जन्म, शिक्षण, नोकरी, गावकीतली कामं असं ओळीनं लिहितात. ते तुमचा रोशन लिहील, त्याला जमतं. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपला वाद अर्धा राहिला. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मनात एक शंका होती, आणि ती माझ्या हातातल्या मोजपट्टीनं घातलेली होती, असं मी धरून चालले होते. तुमचे वडील तुमच्याशी खोटं बोलले होते का, ही ती शंका. तुमच्या दहाव्यालाही मी पिंडाकडे बघायचं सोडून तोच विचार करत होते. आता तिचं उत्तर माझ्या हातात आलंय. पण सांगायचं कुणाला, तुम्ही तर फोटोत जाऊन बसलात.

पहिल्यापासून सांगते. माझ्या केतकीनं तुमच्या रोशनशी लग्न ठरवलं तेव्हा मी काही आनंदानं नाचले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही साताऱ्याकडचे. केतकीचे बाबा गेलेले, कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी मायलेकी. खाडी मी पुलावरून जाताना बघितलेली तेवढीच. त्यात माझ्या थोरल्या दिरांनी माझे कान भरलेले, की आगरी लोकांत फार खर्च, फार आवाज, तुझं काही चालायचं नाही. बोलणी करायला तुम्ही आलात ते जिवंत चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली घेऊन. त्यातली एक निसटली आणि सोफ्याखाली गेली. माझे दीर, ज्यांनी घराण्याच्या चालीरीतींवर बोलायची तयारी केली होती, ते दोन्ही पाय सोफ्यावर घेऊन बसले. तुम्ही गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घातलात आणि तिथूनच मला विचारलंत, पोरांची तारीख कधीची धरायची. मी तारीख सांगून टाकली. दुसरं काय करणार होते? ती चिंबोरी बाहेर निघावी एवढंच मला हवं होतं.

पण व्याही-विहीण म्हणजे शेवटी सणाला भेटणारी माणसं. कशा आहात, बऱ्या आहात, साडी आवडली का, संपलं. आपलंही तसंच राहिलं असतं. ती गाडी नसती तर राहिलंच असतं.

तुमच्या घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. गोल नाकाची जुनी पिकअप, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, चाकांवरचा पत्रा मिठानं खाल्लेला. तुमच्या वडिलांनी ती नवी घेतली होती आणि मिठागरावरचं मीठ तिच्यातून पनवेलच्या बाजारात नेलं होतं. पुढे मिठागरं बुजली, जमिनी गेल्या, भावकीनं इमारती चढवल्या, तुम्ही उरणला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर होऊन रिटायर झालात. गाडी मात्र तुम्ही विकली नाहीत. बनवणारी कंपनी बंद पडली, तरी ही आपली शेडमध्ये.

तिच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी बिल्ला होता. लंबगोल, हाताच्या चार बोटांएवढा, त्यावर लाटांतून उगवणारा सूर्य. तुमच्या आई दर दसऱ्याला ते दोन्ही बिल्ले चिंच आणि राख लावून घासायच्या, देवघरातली भांडी घासावीत तसे. मग हळदकुंकू. वर्षानुवर्षं घासून सूर्याचे किरण बोथट झाले होते, आणि खाली काही अक्षरं असलीच तर ती केव्हाच पोटात गेली होती.

मी केतकीला भेटायला म्हणून आले होते त्या रविवारी तुमचं तोंड उतरलेलं होतं. जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी लोकांच्या एका मंडळाचे परीक्षक आदल्या दिवशी येऊन गेले होते. त्यांच्या प्रदर्शनात गाडी मांडायची, तर तिच्यावरची वस्तू न् वस्तू मूळची हवी. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी मोबाइलवर याच गाडीचे कुठकुठले फोटो दाखवले, आणि एकाही गाडीवर सूर्य नव्हता. ते म्हणाले, वडिलांनी हौसेनं लावले असतील काका, त्या काळी लोक लावायचे, काढून टाका म्हणजे गाडी पास होईल.

तुम्हाला गाडी पास होण्याचं एवढं नव्हतं. तुम्हाला लागलं ते दुसरंच. वडिलांनी तुम्हाला सांगितलं होतं की गाडी कंपनीतून आली तेव्हापासून हे दोन्ही बिल्ले जागचे हललेले नाहीत, कुणाला हात लावू दिलेला नाही. आणि तुमचे वडील कोण? मिठागराच्या बांधावरून भांडणं झाली, की दोन्ही बाजूचे लोक त्यांनाच घेऊन जायचे, आणि ते बोट दाखवतील तो बांध. असा माणूस दोन पितळी चकत्यांसाठी पोटच्या पोराशी खोटं बोलेल?

हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, “विहीनबाय, तुमी सगला आयुष्य पितलंत काढलाय. तुमीच बघा. तुमी बोलाल त्यो शेवट.”

व्याहीबुवा, त्या एका वाक्याचे आभार मानायचे राहूनच गेले. तळोज्याला नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला होते. ओतलेलं पितळ, घासलेलं पितळ, वरून चकाकी चढवून आतलं पाप झाकलेलं पितळ, सगळं माझ्या टेबलावरून गेलेलं. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जायचा नाही. रिटायर झाले आणि सगळं बंद. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी साध्या नळाच्या वॉशरबद्दल बोलले, तरी सेक्रेटरी म्हणायचा, आंटी तुम्ही टेन्शन घेऊ नका, प्लंबर बघेल. घरात केतकीचे बाबा नाहीत, केतकी सासरी. मला कुणी काही विचारतच नव्हतं. आणि तुम्ही सगळ्या घरादारासमोर म्हणालात, तुमी बोलाल त्यो शेवट. बसमध्ये बसल्यावर माझे डोळे भरून आले होते. तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

पुढच्या रविवारी मी माझा जुना व्हर्नियर घेऊन आले. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी मोजपट्टी, हे तुम्हाला समजावण्यात अर्धी सकाळ गेली, कारण मध्येच तुम्ही तिनं सुगंधाताईंच्या भाकरीची जाडी मोजायला घेतलीत. तुमच्या बायकोनं ती भाकरी तुम्हाला वाढली नाही, मला वाढली.

उजवा बिल्ला आधी काढला. आतले नट गंजलेले, तुम्ही दोन दिवस आधीपासून त्यांवर रॉकेल सोडत होतात. बिल्ला निघाला आणि त्याखाली गाडीचा पहिला रंग दिसला, फिकट हिरवा. वरून गाडी दोनदा निळी झालेली, पण बिल्ल्याखाली हिरवी ती हिरवीच. मी बॅटरी लावून भोकांच्या कडा बघितल्या. तो हिरवा रंग भोकाच्या आतपर्यंत उतरलेला होता. म्हणजे भोकं आधी पडली, रंग नंतर लागला. कुणी मागाहून हौसेनं भोकं पाडली असती तर आत उघडा पत्रा असता, कडेला रंगाचे टवके उडाले असते. शिवाय बिल्ल्यावरच्या दोन लाटांच्या मधल्या खाचेत निळ्या मिन्याचा एक कण अजून चिकटून होता. मी म्हटलं, व्याहीबुवा, फोटोंतल्या गाड्यांवर नसेना का, हा बिल्ला गाडीच्या जन्मापासूनचा आहे. तुमचे वडील खरे.

तुम्ही काय केलंत आठवतंय? परीक्षकांना फोन लावलात, त्यांनी हॅलो म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलंत आणि फोन ठेवून जिलेबी आणायला गेलात. आळीत सगळ्यांना वाटलीत. केतकीला दिवस गेले की काय, असं शेजारणी विचारायला लागल्या. पोरगी लाजून आत पळाली.

मी तिथेच थांबायला हवं होतं, असं नंतर लोक म्हणाले. मी म्हणत नाही. तुम्हीच म्हणालात, आता डावा पण काढा, दोघांचा जोडीनं फोटो पाठवू. मी काढला. पत्र्याची भोकं तशीच, आत हिरवा रंग उतरलेली. पण त्यातलं एक भोक कानशीनं घासून लांबट केलेलं, आणि घासलेल्या जागी रंग नाही, उघडा पत्रा. बिल्ल्याची पाठ खरखरीत. खाचांत निळ्याचं नाव नाही. मी दोन्ही बिल्ले व्हर्नियरमध्ये धरले. पुन्हा धरले. डावा जवळजवळ दीड मिलिमीटर लहान. त्याच्या मागच्या दोन खुंट्यांमधलं अंतरही तेवढ्याच हिशेबानं कमी, म्हणून तर भोक घासावं लागलं होतं.

कारखान्यातल्या नव्या पोरींना मी हेच शिकवायचे. ओतलेलं पितळ थंड होताना आकसतं. खऱ्या वस्तूचा साचा घेऊन त्यात पितळ ओतलं, तर नक्कल नेहमी मूळ वस्तूपेक्षा जराशी लहान निघते. डावा बिल्ला उजव्यावरून बनवलेला होता. मूळचा डावा कधीतरी निघाला होता आणि त्या जागी हा आला होता. मी तसं सांगितलं. गोडगोड करून सांगायला मला येत नाही.

तुम्ही दोन्ही बिल्ले दोन तळहातांवर घेतलेत. मग म्हणालात, “मंग माझा बापूस माझ्याशी खोटा बोलला?”

मी म्हटलं, तुमच्या वडिलांचं मला ठाऊक नाही. बिल्ला नंतरचा आहे, एवढं ठाऊक आहे.

तुम्ही पंप चालू करून येतो म्हणून परसात गेलात. पंप सकाळपासून चालूच होता.

त्या दिवशी परत जाताना मला वाटलं, संपलं. आता सणाला साडी आणि बऱ्या आहात का. पण शनिवारी तुमचा फोन आला, उद्या येताय ना, निवट्या आल्यात. मी आले. चिखलातले ते डोळे वटारलेले मासे सुगंधाताईंनी असे शिजवले होते की मी दोनदा कालवण मागून घेतलं, आणि माझं ताट भरलेलं असतानाच तुम्ही मुद्दा काढलात. डाव्या बाजूला दुपारचं ऊन पडतं, त्यानं पितळ आकसलं असेल. मी म्हटलं, मग तुमचा डावा कानही लहान असायला हवा होता. तुम्ही खरंच हात लावून बघितलंत.

त्यानंतर दर रविवारी तुमची एक नवी कल्पना तयार असायची. मिठानं पितळ झिजतं, ही एक. त्यासाठी तुम्ही पितळी पेला खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलात आणि सुगंधाताईंना हात लावू दिला नाहीत. पेला हिरवा पडला, लहान काही झाला नाही. कंपनीतच एक बिल्ला लहान बनला असेल, ही दुसरी. मी विचारलं, मग कंपनीनं स्वतःच्या नव्या गाडीचं भोक कानशीनं घासलं का? तुम्ही म्हणालात, घासलं असल, शनवार असल त्या दिवशी. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. पण मी माझ्या मापावरून हलले नाही, आणि तुम्ही तुमच्या वडिलांवरून हलला नाहीत.

मला कळत होतं हो. प्रत्येक कल्पनेच्या मागे तुम्ही एकाच गोष्टीची धडपड करत होतात, वडील खरे ठरावेत. एखाद्या रविवारी मी म्हणू शकले असते, बरं बाई, असेल तुमचं खरं. तुम्ही तसं एकदाही मागितलं नाहीत. उलट परीक्षकांचा फोन आला होता तेव्हा तुम्ही तो स्पीकरवर टाकलात. त्यांनी विचारलं, दोन्ही मूळचे आहेत का काका, तुम्ही हो म्हणा, मी तसं धरतो. मी समोर बसून शेंगा सोलत होते. तुम्ही म्हणालात, उजवा मूलचा हाय, डाव्याचा काम चालू हाय, आमच्या विहीनबाय बघतान. वडिलांचा शब्द पडत होता, तरी तुम्ही खोटं बोलला नाहीत. ही शिकवण तुम्हाला कुणी दिली होती, हे माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं.

आणि तुम्ही मला काय काय दिलंत, ते आता एकामागून एक आठवतंय. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही डबा घेऊन कामोठ्याला यायचात. मी वॉकर धरून हॉलमध्ये फेऱ्या मारायची आणि तुम्ही सोफ्यावर बसून डाव्या बिल्ल्यावर बोलायचात. दुखणं विसरून मी उत्तर द्यायला भराभरा वळायची. फिजिओथेरपीवाली म्हणाली, काकांना रोज बोलवा. गाडीचं बंद पडलेलं इंजीन पुन्हा सुरू झालं त्या दिवशी तुम्ही मला पिकअपच्या स्टिअरिंगवर बसवलंत. मी जन्मात स्कूटीपलीकडे काही चालवलं नव्हतं. मिठागराच्या जुन्या बांधावर, जिथे आता कच्चा रस्ता आहे, तिथे मी ती गाडी हाकली. तुम्ही बाजूला बसून दोन्ही हातांनी दार धरलं होतंत आणि सांगत होतात, क्लच सोडा बाय, हलू सोडा, संसार नाय सोडायचा. मागच्या हौद्यात केतकी आणि रोशन ओरडत होते. त्या बांधावर मला साठीच्या पुढे पहिल्यांदा वाटलं की अजून काही काही व्हायचं बाकी असेल.

मग तुमचं ते दुखणं. छातीत जळजळतंय म्हणून सोडा पीत राहिलात, आणि पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झालेला होता. मला एकदाच आत सोडलं. तुमच्या नाकात नळी, तरी मला बघून तुम्ही डोळे मिचकावलेत. म्हणालात, “डावा बिल्ला काढू नका हां, मी येईपरत.”

मी हो म्हटलं आणि बाहेर आले, आणि तिथल्या बाकड्यावर बसून रडले. मला वाटलं, एवढ्या दुखण्यातही या माणसाला तेच खुपतंय. बापाची शंका उशाशी घेऊन झोपलाय. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमचं सगळं कार्य उरकल्यावर रोशननं मला फोन केला. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. परीक्षक म्हणत होते, डावा बिल्ला उतरवा, ती जागा रिकामी ठेवली तरी चालेल. रोशन म्हणाला, आई, बाबा तुमचाच शब्द शेवटचा म्हणायचे, तुम्ही सांगा काढू का. मी म्हटलं, मी येते.

आले तर सुगंधाताई एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. बिल्ल्याचं विचारायला आलेय म्हटल्यावर त्या शेडकडे बघत म्हणाल्या, “त्यो बिल्ला मीच फोरला, ताय.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नानंतरचा त्यांचा पहिला दसरा. घरातले पुरुष आपट्याची पानं वाटायला गावात गेलेले. सासूनं नव्या सुनेला मान म्हणून गाडीसमोर नारळ वाढवायला सांगितलं. हातात हिरव्या चुड्यांची दाटी, ओला नारळ, जोर लावायला गेल्या आणि नारळ निसटून बसला तो डाव्या बिल्ल्यावर. बिल्ल्याचा कडेचा तुकडा मोडून खाली पडला. नव्या सुनेनं, पहिल्या दसऱ्याला, घराच्या पोटापाण्याच्या गाडीचा पुजलेला बिल्ला फोडला. आळीत कळलं असतं तर आयुष्यभर तिच्या पायगुणाचं काढत बसले असते. त्या रडायला लागल्या.

तुमच्या आईनं काय केलं, ऐका. त्यांनी झेंडूची सगळ्यात जाड माळ उचलली आणि बॉनेटवर अशी टाकली की दोन्ही बाजू झाकून गेल्या. घरात फर्मान काढलं, की या वर्षी माळ दिवाळीपर्यंत उतरवायची नाही, तसं देवाला बोललेय. मग सुनेला घेऊन खाडीवर गेल्या. देव भंगला की पाण्यात सोडतात, तसा तो मोडका बिल्ला दोन तुकड्यांत, हळदकुंकू आणि तांदूळ वाहून, दोघींनी खाडीत सोडला. एका दुपारी पुरुष मिठागरावर असताना उजव्या बिल्ल्याचा ठसा मेणात घेतला आणि पनवेलला पितळेचे देव ओतणाऱ्या ओताऱ्याकडे दिला. नवा बिल्ला आला. बसेना, तर सासूबाईंनी स्वतः कानस घेऊन भोक घासलं. खालून सून बॅटरी धरून उभी. पूजा केली, मगच माळ उतरवली. आणि खाडीच्या काठावरच सुनेकडून वचन घेतलं होतं, यो आपल्या दोगींत, पुरुषांना कवाच सांगायचा नाय.

तोवर तुमचे वडील ती सुकलेली माळ मिरवत पनवेलला मीठ नेत होते. आणि व्याहीबुवा, तुम्हीसुद्धा त्याच गाडीवर होतात. दोघांपैकी एकालाही कळलं नाही. बिल्ल्याला कुणी हात लावला नाही असं तुमच्या वडिलांनी सांगितलं, ते त्यांना जे ठाऊक होतं तेच सांगितलं. ते खोटं बोलले नाहीत. माझं माप चुकलं नाही आणि तुमचे वडीलही चुकले नाहीत. आपण दोघं ओट्यावर बसून एवढे रविवार भांडलो, आणि उत्तर आपल्याला भाकरी वाढत होतं.

मला सुगंधाताईंचा राग आला. खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, ताई, त्यांना सांगायचं तरी होतं हो. त्या शंकेनिशी गेले ते.

त्या म्हणाल्या, नाही, शंकेनिशी गेले नाहीत. सांगितलं. हॉस्पिटलात, मी तुम्हाला भेटायला आले त्याच्या आदल्या दिवशी. तुम्हीच त्यांना विचारलं होतंत, बापूस माझ्याशी खोटा कशाला बोलला असल गो. तेव्हा त्यांना राहवलं नाही. सासूचं वचन मोडलं आणि नारळापासून ओताऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. तुम्ही नळीसकट हसायला लागलात, इतके की नर्स धावत आली. तुमच्या आईसाठी रडलातही, म्हणाल्या. मग बायकोचा हात धरून तुम्ही जे बोललात ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

“विहीनबायला इतक्यात सांगू नको. मी घरी जाऊन सांगीन. तिला वाटल वाद संपला, मंग रविवारची येल का ती? आजून थोरे दिवस खेलवतो तिला.”

म्हणून तुम्ही डोळे मिचकावले होते. म्हणून बिल्ला काढू नका म्हणालात. मी बाकड्यावर बसून रडत होते आणि तुम्ही आत पुढच्या रविवारची नवी कल्पना रचत होतात. सुगंधाताई आणि मी त्या ओट्यावर एकमेकींना धरून रडलो, आणि मग तुमच्या त्या खाऱ्या पाण्यातल्या पेल्याची आठवण निघाली तेव्हा हसलोही. तुम्ही शंका घेऊन गेला नाहीत. हे मला कळलं, यासाठी मी तुमच्या बायकोची जन्माची ऋणी आहे.

रोशनला मी शब्द दिला. परीक्षकांना सांग, उजवा मूळचा, डावा नंतरचा, का आणि कसा तेही सांग, पण उतरवायचा नाही. त्यांनी पास केलं तर ठीक, नाही केलं तर गाडी आपल्या शेडमध्ये बरी. तो लगेच हो म्हणाला. केतकी म्हणाली, बाबा असते तर अजून महिनाभर भांडले असते.

असते तर खरंच बरं झालं असतं. पण एक सांगते, आणि या वेळी मध्ये बोलायचं नाही. बाकी सगळ्यात तुम्ही खरे निघालात, ह्या एका गोष्टीत साफ चुकलात. वाद संपला तर मी यायची नाही, असं तुम्हाला वाटलंच कसं? परवा रविवार आहे. सुगंधाताई एकट्या आहेत, मी सकाळच्याच बसनं येतेय. मी कधीच बिल्ल्यांसाठी येत नव्हते हो.